माळाची पाठचिकित्सा

‘रेस्टोरेशन’ हा शब्द मराठीत आणायचा म्हटले की आपल्याकडे त्यासाठी बरेच शब्द आहेत आणि त्यांतला एकही पुरता बसत नाही, असे लक्षात येते. ‘पुनरुज्जीवन’ म्हणावे तर त्यात आधी कोणीतरी मेलेले असावे लागते. ‘पुनःस्थापना’ म्हणावे तर डोळ्यांपुढे मूर्ती येते, नाहीतर सरकार. ‘जीर्णोद्धार’ त्यातल्या त्यात जवळचा. पण हा शब्द उच्चारताना मला थोडी धास्तीच वाटते. महाराष्ट्रात गावोगाव जीर्णोद्धार झालेली देवळे आपण पाहतो. काळ्या पाषाणाच्या खांबांवर ऑइल पेंटचे जाड थर, गाभाऱ्यात गुळगुळीत फरशी, जुन्या शिखराच्या जागी सिमेंटचे नवे. त्यामागची भक्ती खरी असते, वर्गणी खरी असते, श्रमही खरे असतात. फक्त हात लावण्यापूर्वी त्या देवळाचे वाचन कोणी केलेले नसते. कोणता दगड कोणत्या काळातला, कोणती भर नंतरची, काय झिजले आहे आणि काय मुळातच साधे होते, हे न विचारता उद्धार सुरू होतो.

बिघडलेल्या निसर्गाची घडी पुन्हा बसवण्याचे जे काम आज जगभर चालले आहे, त्याच्यापुढेही नेमका हाच प्रश्न उभा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने 2021 ते 2030 हे दशक परिसंस्थांच्या पुनरुज्जीवनासाठी जाहीर केले आहे. या विषयावर संशोधन भरपूर होते आणि जमिनीवर कामेही भरपूर होतात. पण संशोधन वाचून काम होत नाही आणि कामाकडे पाहून संशोधन होत नाही, अशी तक्रार दोन्ही बाजूंनी ऐकू येते. या अंतराला ‘विज्ञान आणि व्यवहार यांमधील दरी’ असे म्हणण्याची पद्धत आहे. दरी म्हटली की पूल आलाच. मात्र ही पुलाची प्रतिमा मला अलीकडे अपुरी वाटू लागली आहे. तसे का वाटते, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे मांडावे असे बरेच दिवस मनात होते. कारण मला या प्रश्नाचा जो काही उलगडा झाला, तो आपल्याच विषयाच्या वाटेने झाला.

मी एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवते. पुण्याच्या पूर्वेचा हा प्रदेश. सह्याद्रीने ढग अडवून घेतल्यावर जेवढा पाऊस उरतो तेवढ्यावर जगणारा. परिसंस्थाशास्त्र हा माझा विषय नव्हे. त्याच्याशी माझा संबंध आला तो एका भाषांतराच्या निमित्ताने. राज्य शासनाने 2016 ते 2019 या काळात 50 कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला होता. त्यातले 2019 या अखेरच्या वर्षाचे लक्ष्य 33 कोटींचे होते. त्याचा एक चिमुकला वाटा आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पदरात पडला. जागा ठरली गावामागचा माळ. ती ठरण्याचे कारण सरळ होते: तेथे ‘काही नव्हते’. आधी जेसीबीने सलग समतल चर काढायचे, मग चरांच्या कडेने रोपे लावायची, अशी योजना होती.

वनस्पतिशास्त्राचे आमचे सहकारी मात्र अस्वस्थ होते. गवताळ प्रदेशांविषयीचे काही शोधनिबंध आणि स्वतः इंग्रजीत काढलेले एक टिपण त्यांनी माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, “मॅडम, हे ग्रामपंचायतीत वाचून दाखवता येईल अशा मराठीत करून द्याल का?”

काम सोपे वाटले होते, पण पारिभाषिक शब्दांपेक्षा वाक्यांनीच मला जेरीस आणले. विज्ञानाचे वाक्य आपल्या मर्यादा बरोबर घेऊनच चालते. अमुक प्रकारच्या मातीत, इतक्या पर्जन्यमानात, चराईचा दाब फार नसताना, बहुतेक ठिकाणी असे आढळून येते की... आणि मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे ऐकणारा ताटकळत राहतो. मी ती वाक्ये तोडली, सोपी केली, ‘आढळून येते’ काढून टाकले. तेव्हा सहकारी म्हणाले, “हे आता खोटे झाले.” त्यांचेही बरोबर होते. वाक्यातली अट काढली की वाक्य सोपे होते, पण ते जगात कोठेही लागू पडते असा भास निर्माण होतो.

ग्रामपंचायतीतल्या वाचनानंतर एका सदस्याने एवढेच विचारले, “म्हणजे आता करायचं काय?” या प्रश्नाला अडाणीपणा म्हणणे फार सोपे आहे. पण पावसाळा जूनमध्ये येतो, निधी मार्चपूर्वी खर्ची पडावा लागतो, जेसीबीचे भाडे तासावर असते. ज्याला उद्या सकाळी माणसे कामाला लावायची आहेत, त्याला आज रात्री एक वाक्य हवे असते. त्याचे स्वतःचे वाक्य आज्ञार्थी असते: खड्डा दीड फुटांचा, रोप या जातीचे, दोन रोपांत अंतर एवढे. या वाक्याला अट नाही, कारणही नाही. मला त्यातली आणखी एक गोष्ट जाणवली. आज्ञार्थी वाक्य खोटे ठरू शकत नाही, कारण ते काही विधानच करत नाही. ‘खड्डा दीड फुटांचा घ्या’ हे बरोबर की चूक, याचा निवाडा कधी होत नाही. खड्डा घेतला की नाही, एवढाच होतो. विज्ञानाला खोटे ठरण्याची मुभा आहे, पण कृतीची निकड नाही. व्यवहाराला निकड आहे, पण खोटे ठरण्याची सोय नाही. ज्याला आपण दरी म्हणतो ती मुख्यतः माहितीच्या अभावाची नसून या दोन वाक्यरचनांमधली आहे, असे मला वाटू लागले.

आता पुलाच्या प्रतिमेविषयी. पूल म्हटला की दोन्ही काठ आधीच पक्के असतात आणि एका काठावरचा तयार माल दुसऱ्या काठावर न्यायचा असतो. परिसंस्थांच्या पुनरुज्जीवनाचा इतिहास पाहिला तर असे झालेले फारसे दिसत नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाने 1934 मध्ये आपले वनस्पती-उद्यान खुले केले. तेथे एका जुन्या शेतजमिनीवर मूळचा ‘प्रेअरी’, म्हणजे त्या भागातला उंच गवताचा प्रदेश, पुन्हा उभा करायचे ठरले. आल्डो लिओपोल्ड यांच्यासारखा विचारवंत निसर्गअभ्यासक या कल्पनेच्या मुळाशी होता. मंदीचा काळ होता. सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी 1935 पासून दुसरीकडच्या गवताचे गड्डे आणून हातांनी लावले. लावणी झाली, पण युरोपातून आलेले कुरणाचे गवत हटेना. अखेर जॉन कर्टिस आणि त्यांचे सहकारी मॅक्स पार्च यांनी नियंत्रित जाळपोळीचे प्रयोग करून 1948 मध्ये दाखवून दिले, की आगीने परके गवत मागे हटते आणि प्रेअरीच्या वनस्पतींना वाव मिळतो. त्या भूमीवरचे मूळ रहिवासी शतकानुशतके गवताला आग लावत आलेले होते; गोऱ्या वसाहतींनी ती प्रथा थांबवली होती. येथे कोणता काठ विज्ञानाचा आणि कोणता व्यवहाराचा? लावणी फसली नसती तर आगीचा प्रश्न प्रयोगशाळेत कोणाला सुचला असता? ब्रिटिश परिसंस्थाशास्त्रज्ञ ब्रॅडशॉ यांनी 1987 मध्ये लिहिले, की पुनरुज्जीवन ही परिसंस्थाशास्त्राची खरी कसोटी आहे. घड्याळ उघडता येणे वेगळे आणि सुटे भाग पुन्हा जोडून ते चालू करणे वेगळे. आपल्याला घड्याळ कितपत समजले होते ते जोडतानाच कळते.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले आणि अधिक वेदनादायक. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव पक्षी-अभयारण्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाल्यावर 1982 मध्ये तेथे गुरे चारण्यावर बंदी आली. गुरे हटली की पाणथळ जागा सावरेल आणि पक्षी वाढतील, हे तर्काला धरूनच होते. आसपासच्या गावांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मेली. त्यानंतर जे झाले ते कोणाच्याच अपेक्षेप्रमाणे नव्हते. म्हशी जे पाणगवत खात होत्या ते बेसुमार माजले आणि त्याने उघडे पाणी झाकून टाकले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेथे सुमारे दहा वर्षे अभ्यास केला होता. 1991 च्या त्या अहवालाचा निष्कर्ष असा, की या पाणथळीला म्हशींची गरज होती. चराई बंद झाल्याने पक्ष्यांचे नुकसान झाले. पुढे गावकऱ्यांना हाताने गवत कापून नेण्याची परवानगी देण्यात आली.

या घटनेवरून ‘शास्त्रज्ञांपेक्षा गावकरी शहाणे’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मला तो अर्धवट वाटतो. म्हशींचे महत्त्व गोळीबारापूर्वी गावकऱ्यांना परिसंस्थेच्या भाषेत सांगता आले नव्हते. ते आपल्या हक्काची आणि पोटाची भाषा बोलत होते, आणि ती रास्तच होती. म्हशी, गवत आणि पक्षी यांचे नाते मोजून, वर्षामागून वर्ष नोंदवून सिद्ध केले ते विज्ञानानेच, आणि तेही ज्या तर्काला विज्ञानाचेच पाठबळ होते त्याच्या विरोधात जाऊन. फक्त ही मोजणी आणि हे ऐकून घेणे बंदीच्या आधी झाले असते तर काही माणसे वाचली असती. या कामात उशिरा वाचण्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, आणि ती बहुधा ज्यांनी निर्णय घेतला त्यांना मोजावी लागत नाही.

पुन्हा आपल्या माळाकडे येऊ. ‘तेथे काही नाही’ हे वाक्य कोठून आले? महसुलाच्या वसाहतकालीन वर्गवारीत ज्या जमिनीवर पीक नाही आणि इमारती लाकूडही नाही, ती ‘वेस्ट’. स्वातंत्र्यानंतरही ही नजर फारशी बदलली नाही; केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात गवताळ आणि झुडपी प्रदेश मोठ्या प्रमाणावर पडीक म्हणूनच येतात. मराठीची मात्र येथे दोन मने आहेत. आपण ‘पडीक’ म्हणतो तेव्हा तिरस्कार असतो. पण ‘पड’ टाकलेली जमीन म्हणजे विसावा दिलेली जमीन. शिवाय कुरण, गायरान, बरड, माळ, माळरान हे सगळे वेगवेगळे शब्द. ज्या भाषेला एवढे भेद करावेसे वाटले, तिच्या बोलणाऱ्यांना तेथे काहीतरी दिसत असले पाहिजे.

आमच्या माळावर काय आहे ते मला प्रथम दाखवले एका धनगर आजोबांनी. त्यांना आम्ही आबा म्हणतो. मी ज्याला आतापर्यंत नुसते ‘गवत’ म्हणत आले होते, त्याला त्यांच्याकडे शेडा, पवना, मारवेल, कुसळी अशी नावे होती. आणि प्रत्येक नावाबरोबर एक वेळापत्रक होते. “कुसळी कवळी हाय तवर मेंढरू खातंय, बाई. कुसळ धरलं की मग त्वांड लावत न्हाई. लोकरीत घुसतंय, कातड्यात घुसतंय.” हिवर कोठे येतो, बोर कोठे, पावसाने ताण दिला तर कोणते गवत आधी पिवळे पडते, हे सगळे त्यांना ठाऊक होते. आमचे सहकारी शेजारी उभे राहून शास्त्रीय नावे लिहून घेत होते. दोन ठिकाणी आबांचे एकच नाव दोन जातींना होते. एका ठिकाणी उलट, शास्त्रात एक असलेल्या जातीचे आबांनी वाढीच्या अवस्थेनुसार दोन भाग केले होते. चुकत कोणीच नव्हते. एक जण फूल पाहत होता आणि दुसरा चारा.

विज्ञानाला या माळाविषयी आज जे माहीत आहे ते थोडक्यात असे. दख्खनचे गवताळ प्रदेश म्हणजे सगळीकडे तुटलेल्या जंगलाचे अवशेष नव्हेत. त्यांतले बरेचसे स्वतंत्र, प्राचीन परिसंस्था आहेत. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल यांचे ते घर. तिथली बहुवर्षायू गवते सूर्यप्रकाशावर पोसतात. दाट सावली आली की ती मागे हटतात. त्यांचे खरे भांडवल जमिनीखाली असते, मुळांत आणि पुन्हा फुटणाऱ्या कोंबांत. माती उलटीपालटी केली की ते भांडवलच बुडते. आशिष नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी जगभरच्या गवताळ प्रदेशांवरील अभ्यास एकत्र करून 2020 मध्ये दाखवले, की एकदा नष्ट झालेल्या जुन्या गवताळ प्रदेशाला आपली वनस्पतिविविधता परत मिळवायला निदान एक शतक लागते, आणि बहुधा सहस्रके. जेसीबी जो चर अर्ध्या दिवसात काढतो, त्याचा हिशेब शतकांत करावा लागतो.

नेर्लेकर यांचेच आणखी एक काम साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावे असे आहे. दिग्विजय पाटील यांच्यासह त्यांनी 2025 मध्ये ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. पश्चिम महाराष्ट्राचा हा गवताळ प्रदेश किती जुना, हे ठरवण्यासाठी त्यांनी थेट मराठी परंपरागत वाङ्मयाचा आधार घेतला: तेराव्या शतकापासूनच्या कथा, काव्ये, लोकगीते, दैवतकथा. त्यांत त्यांना 44 वन्य वनस्पतींचे उल्लेख सापडले, आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश वनस्पती सॅव्हानाच्या, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशाच्या निदर्शक निघाल्या. पंढरपूरच्या मंदिरातली कान्होपात्रेची कथा आपण सगळे जाणतो; तिच्या देहाच्या जागी उगवले असे मानले जाते ते झाड तरटीचे. तरटी ही या कोरड्या, उघड्या प्रदेशातली वनस्पती. कथा सांगणाऱ्याला परिसंस्थेविषयी काही सिद्ध करायचे नव्हते. त्याला एक झाड हवे होते, आणि त्याच्या आसपास जे होते ते त्याने घेतले.

म्हणूनच या साक्षीला मोल आहे. येथे आपल्या विषयाची सावधगिरी उपयोगी पडते. जुन्या काव्यांतली वनवर्णने आपण शिकवतो. पंडिती काव्यातल्या कित्येक वनांत संस्कृत संकेतांनुसार झाडे ओळीने उभी असतात, कवीच्या प्रदेशात ती वाढतात की नाही याची पर्वा न करता. तशी यादी परिसंस्थेचा पुरावा म्हणून घेता येणार नाही. याउलट जाता जाता आलेला उल्लेख, अलंकारासाठी नव्हे तर गरजेपोटी आलेले एखादे काटेरी नाव, हे अधिक विश्वासार्ह. कोणती साक्ष संकेताची आणि कोणती अनुभवाची, हे ओळखण्याचे शिक्षण वनस्पतिशास्त्राच्या वर्गात मिळत नाही. ते आपल्या वर्गात मिळते, निदान मिळायला हवे.

याच वाटेने मला पाठचिकित्सेची आठवण झाली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते 1966 मध्ये पूर्ण केले. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी या कामाला जी शिस्त घालून दिली, तिच्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. व्यासांनी नेमके काय लिहिले ते आम्ही सांगतो, असा दावा या आवृत्तीने केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या साक्षीवरून जितके मागे जाता येईल तितके जायचे, आणि तेथे थांबायचे. प्रत्येक हस्तलिखित ही एक साक्ष. तिचे कूळ पाहायचे, तिला तोलायचे, पण ती खोडायची नाही. जो पाठ स्वीकारला नाही तोही पानाच्या तळाशी छापायचा, म्हणजे उद्याच्या अभ्यासकाला आपला निर्णय तपासता येईल. आपल्याकडे एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, त्यामागेही हीच जाणीव होती: ग्रंथात लोकांनी भरी घातल्या आहेत, त्या ओळखून दूर करायच्या, आणि पुढे कोणी स्वतःची ओवी त्यात घुसडू नये याची ताकीद द्यायची. नाथ स्वतः समर्थ कवी होते. हाताशी प्रतिभा असताना दुसऱ्याच्या ग्रंथात ती न वापरणे, हा संयम आहे.

माळाचेही असेच आहे. ‘मूळचा माळ’ कोणता? चारशे वर्षांपूर्वीचा? धरणे आणि कालवे येण्यापूर्वीचा? मेंढरे येण्यापूर्वीचा? परिसंस्थाशास्त्रातही हा वाद आहे, आणि तेथेही समंजस उत्तर सुकथनकरांसारखेच आहे: मूळ प्रतीचा आग्रह सोडा, साक्षी गोळा करा. शेजारचा न नांगरलेला तुकडा ही एक साक्ष. देवस्थानाच्या भीतीने राखलेला कोपरा ही दुसरी. आबांची गवतांची नावे ही तिसरी. शोधनिबंध ही चौथी, कान्होपात्रेची तरटी ही पाचवी. यांतली कोणतीही एक आंधळेपणाने स्वीकारायची नाही. आबांचीही नाही, निबंधाचीही नाही.

आमच्या माळाचे पुढे काय झाले ते सांगते. योजना रद्द झाली नाही. लक्ष्य वरून आले होते आणि खड्ड्यांचा आकडा कळवायचा होता. बैठका झाल्या, थोडे शब्दाला शब्दही झाले, आणि अखेर गावाकडच्या अर्ध्या माळावर चर व रोपे आणि पलीकडच्या अर्ध्याला हात लावायचा नाही, असे ठरले. तडजोडच ती. पण तिच्यामुळे एकाच पावसाखाली दोन पाठ शेजारी शेजारी उभे राहिले.

अहवालाचा छापील नमुना पाहिला तेव्हा मला खरी अडचण कळली. त्यात रकाने होते: खड्डे, रोपे, जाती, जिवंत रोपांची टक्केवारी, छायाचित्र. गवताचा रकानाच नव्हता. चर काढताना शेडा मुळासकट उपटला गेला तर ते कोठे लिहायचे? ज्या गोष्टीला रकाना नाही तिचे नुकसान होऊच शकत नाही. मग आम्ही एक साधी जाड वही घेतली आणि स्वतः रकाने आखले: तारीख, पाऊस, काय केले, काय दिसले, कोणी सांगितले, पटले नसल्यास कोणाला. शेवटचे दोन रकाने माझ्या आग्रहाने आले. ते सरळसरळ पाठभेदांचे रकाने आहेत.

2019 च्या पावसाळ्यापासून ती वही चालू आहे. मधला टाळेबंदीचा काळ वगळता खंड पडलेला नाही. मजकूर बहुतांशी विद्यार्थ्यांच्या हातचा, चुकांसकट. चरांच्या मातीवर पहिल्याच वर्षी गाजरगवत आले, ही नोंद तीन वेगवेगळ्या अक्षरांत आहे. रोपांतली ग्लिरिसिडियाची चांगली जगली. हे झाड मध्य अमेरिकेकडचे. आपल्याकडे त्याला उंदीरमारी म्हणतात. अहवालात त्यामुळे आमची टक्केवारी उत्तम दिसते. वहीत मात्र त्याच ओळीपुढे ‘खाली गवत विरळ’ असे लिहिलेले आहे.

सगळ्यांत लांबलेला मतभेद चराईचा आहे. न छेडलेल्या अर्ध्या माळावर मेंढरे पूर्ण बंद करावीत, असे आमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे होते. आबा म्हणाले, “समदी बंद नका करू. वाळकं गवात तसंच ऱ्हायलं तर खालचं कोंबच गुदमारतील.” सहकाऱ्यांना गावाजवळच्या भागाची तुडवलेली, उघडी पडलेली जमीन दिसत होती आणि आबांना पलीकडच्या उतारावरचा वाळलेला थर. वहीत दोन्ही म्हणणी लिहिली गेली, तारखांसह. दोन-तीन हंगामांनी नोंदी एकत्र वाचल्या तेव्हा दिसले, की दोघेही एका माळाविषयी बोलतच नव्हते. जवळच्या पट्ट्यात विश्रांतीची गरज होती, लांबच्या उतारावर चराईची. आता मेंढरांचा फेरा त्याप्रमाणे ठरतो. ही काही विजयाची कथा नव्हे. शेडा नेमका किती वाढला हे सांगायला ही वर्षे पुरेशी नाहीत, आणि पुढच्या एखाद्या योजनेत उरलेल्या अर्ध्यावर चर येणार नाहीत याची हमी कोणी दिलेली नाही. पण माळावर आता आज्ञार्थी वाक्यांबरोबर विधानेही केली जातात, आणि ती खोडता येतात.

साहित्याचा विद्यार्थी या कामात काय करणार, असे मला अनेकांनी विचारले. गवते ओळखणे त्याला शिकावे लागेल, हे खरे. पण शब्दाला वजन असते, ‘वृक्षारोपण’ या एका शब्दाने ‘गवत’ हा शब्द हद्दपार होऊ शकतो, रकाना हीसुद्धा एक लेखनशैली आहे आणि ती काय दिसावे ते ठरवते, हे त्याला आधीच माहीत असते. शोधनिबंधातली अट न गाळता ती गावाच्या मराठीत मांडणे हे भाषांतराचे काम आहे. आबांच्या तोंडचे नाव प्रमाणभाषेत न दडपता, पण देव्हाऱ्यातही न बसवता नोंदवणे हे संपादनाचे काम आहे. ज्यांना वही लिहिता येते आणि दुसऱ्याची वही नीट वाचता येते, अशा माणसांची या क्षेत्राला गरज आहे. आणि अशी माणसे तयार करणे हा तर आपला दावाच आहे.

चिकित्सक आवृत्तीच्या पानाच्या तळाशी नाकारलेले पाठ बारीक अक्षरांत उभे असतात. वाचक ते बहुधा ओलांडून जातो. पण संपादक चुकला असेल तर ती चूक त्या बारीक अक्षरांतूनच दुरुस्त होते, वरच्या भरघोस ओळींतून नव्हे. माळाला शतके लागणार आहेत. आपल्यापैकी कोणी ते पाहायला असणार नाही. त्या काळात निर्णय चुकतील, योजना बदलतील, लक्ष्ये येतील आणि जातील. मागून येणाऱ्याला आपला निर्णय कोणत्या साक्षीवर उभा होता आणि आपण कोणते म्हणणे बाजूला सारले, हे वाचता यावे, एवढी तजवीज मात्र आपल्याला करून ठेवता येते.